‘आमच्याबद्दल’ या पानावरची पाहुणी

मोजपट्टीच्या रेनकोटचं वरून दुसरं बटण तुटलं आणि जे घरंगळत सुटलं ते थांबेचना. पदपथावरून उतरलं, एका सायकलच्या चाकाखालून सहीसलामत निघालं, कोपऱ्यावर वळलं — हो, वळलं. ज्याला खोटं वाटेल त्याने पावसात उताराच्या रस्त्यावर बटण सोडून बघावं — आणि एका दुकानाचा उंबरा ओलांडून थेट आत गेलं. दुकान निघालं बटणांचं. लेक माहेरी आल्यासारखं ते आत शिरलं आणि हजारो भावंडांत दिसेनासं झालं.

मोजपट्टी हे काही तिचं घरचं नाव नव्हे. ती एका लहानशा ऑफिसात वेबसाइट्सचं डिझाइन करायची. पडद्यावरची एखादी ओळ केसभर सरकलेली असली तरी तिला खोलीच्या पलीकडून दिसायची, आणि ती जागेवर येईपर्यंत तिला घास गिळत नसे. म्हणून ऑफिसात ते नाव पडलं आणि तिला चिकटलं.

तर ती वाकून लाकडी फळ्यांवर शोधू लागली. तिच्याच कोटाचं पाणी तिच्याच बोटांवर टपटपत होतं.

“शोधू नका,” काउंटरमागून आवाज आला. “इथे आलेलं बटण परत जात नाही.”

“माझं आहे ते.”

“होतं.”

ती उभी राहिली. समोर एक तरुण होता. त्याच्या शर्टाला जितकी बटणं होती तितक्या जातींची होती, आणि तरी शर्ट कसा कोण जाणे शोभत होता.

“कसं होतं?” त्याने विचारलं.

“काळं. चार भोकांचं.”

“काळी चार भोकांची माझ्याकडे इतकी आहेत की गावातली माणसं संपून मांजरांना लावता येतील.” तो काउंटरला वळसा घालून पुढे आला. तिच्या कोटाच्या उरलेल्या बटणांकडे बघत राहिला... बटणांकडे बघायला लागतो त्याहून जरासा जास्तच वेळ. “हे काळं नाहीच. गडद हिरवं आहे. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?”

“नाही.”

“म्हणजे तुमच्याकडे अजून कुणी नीट बघितलेलंच नाही.”

केसभर सरकलेली ओळ ओळखणाऱ्या मुलीला स्वतःच्या कोटाच्या बटणाचा रंग ठाऊक नव्हता. तिने काहीतरी खोचक बोलायला तोंड उघडलं, तोवर त्याने खणातून एक बटण काढून सुईत दोरा ओवलासुद्धा.

“कोट काढून देऊ?”

“नको, थंडी वाजेल. उभ्या राहा. आणि हलू नका.”

दोऱ्याला मेणाचा वास होता. सुई गळ्याजवळ एकदा आत गेली, बाहेर आली, पुन्हा आत गेली. त्याच्या पापण्यांवर पावसाचा एक थेंब होता. दुकानाबाहेर तो कधी गेला होता देव जाणे.

“अरे, तिला श्वास तरी घेऊ दे,” खिडकीशी बसलेली एक म्हातारी म्हणाली. ती त्याची आत्या. दुकान मूळ तिचं. आता भाचा चालवायचा आणि ती त्याला चालवायची.

मोजपट्टीने श्वास घेतला, आणि बावरलेल्या माणसाला बघायला काहीतरी लागतं म्हणून भिंतीकडे बघितलं. तिथे विटलेल्या पाटीवर दुकानाच्या वेबसाइटचा पत्ता होता. आचाऱ्याला दुसऱ्याच्या भांड्यावरचं झाकण उचलल्याशिवाय राहवत नाही. तिने फोनवर पत्ता टाकला.

क्षणभर काही झालं नाही. मग फोनमधून सनई आणि बेंजोच्या मधलं कसलंतरी संगीत एकदम दणाणून सुटलं. पडद्यावर काळंभोर आकाश आणि लुकलुकते तारे. ‘सुस्वागतम्’ उजवीकडून धावत यायचं आणि डावीकडच्या भिंतीत घुसायचं. दोन्ही अंगांना पेटलेल्या मशाली. आणि खाली एक पिवळ्या टोपीचा माणूस फावड्याने खड्डा खणत होता — ‘काम चालू आहे’.

“हा कधीपासून खणतोय?” तिने विचारलं.

“मी शाळेत होतो तेव्हापासून.”

“एव्हाना पाणी लागायला हवं होतं.”

“लागलं होतं. आत्या म्हणाली, अजून खण.”

“हसा,” आत्या म्हणाली. “त्या काळी अख्ख्या बाजारात एवढ्या मशाली कुणाच्या वेबसाइटवर नव्हत्या. शेजारचा चष्मेवाला तर एका मशालीवर भागवत होता.”

“ही बदलायला हवी,” मोजपट्टी म्हणाली.

“तुम्ही बदलून देता?”

“माझं कामच ते आहे.”

“मग उद्या या,” बटणवाल्याने दोरा दातांनी तोडला. “बटण नीट बसलंय की नाही तेही बघता येईल.”

*

ऑफिस म्हणजे एका छापखान्याच्या वरच्या दोन खोल्या. तिथे टेबलकाका बसायचे. वेबसाइट नावाची गोष्ट डोळे उघडत होती तेव्हापासून ते या धंद्यात होते. त्या काळी पान बांधायचं तर अदृश्य टेबलं आखायची आणि त्यांच्या चौकोनांत मजकूर बसवायचा, अशी रीत होती. काका टेबलात टेबल आणि त्या टेबलात आणखी टेबल घालायचे. एकदा म्हणे एक गिऱ्हाईक अगदी आतल्या टेबलात शिरलं ते बाहेर येईना, शेवटी बायको शोधायला आली.

“काका, त्या बटणांच्या दुकानाच्या मशाली तुमच्या?”

“माझ्याच. पेटत्या आहेत ना अजून?” काकांना भरून आलं. “तुम्हा पोरांना काय कळणार. तेव्हा इंटरनेट इतकं सावकाश होतं की फोटो वरून खाली उतरत यायचा. आधी केस. मग कपाळ. मालकाच्या मिशा दिसेपर्यंत गिऱ्हाइकाच्या मिशा पिकायच्या. आमच्या हिचा फोटो मी असाच पहिल्यांदा पाहिला. कपाळावरच प्रेमात पडलो. हनुवटी आली तोवर लग्न ठरलं होतं.”

“आणि हनुवटी आवडली नसती तर?”

“ते बघायला धीर कुणाला होता?”

मग काकांनी बाकीचा इतिहास सांगितला, आणि त्यात खोटं तुलनेने कमी होतं. मशाली विझल्या आणि सिनेमे आले. दुकान उघडण्याआधी गिऱ्हाइकाला नाचती अक्षरं आणि उडते पक्षी सक्तीने दाखवायचे. मग चकचकाट आला. प्रत्येक बटण पाण्यातून काढल्यासारखं ओलं आणि टपोरं. मग कुणीतरी सगळ्या जगावर इस्त्री फिरवली आणि सगळं सपाट झालं. मग माणसांचे डोळे फोनमध्ये गेले, तशी पानं बारीक आणि लांबलचक झाली, आणि सगळी यादी तीन आडव्या रेघांमागे लपली.

“आता काय राहिलंय?” काका म्हणाले. “पांढरं पान, मध्ये एक फोटो, आणि खाली दोन शब्द. दुकानात शिरावं आणि माल कुठे दिसूच नये, तसं.”

मोजपट्टीला नेमकं तेच करायचं होतं.

ती दुकानात जाऊ लागली. कामासाठीच. कधी रंग दाखवायला, कधी अक्षरं दाखवायला, कधी काल दाखवलेली अक्षरं आज कशी वाटतात ते विचारायला.

“हे काय आहे?” बटणवाला पडद्याकडे बोट दाखवून विचारायचा.

“विकत घ्यायचं बटण.”

“हे? हा चौकोन आहे. बटणांच्या दुकानात बसून चौकोनाला बटण म्हणता, काही वाटतं का?”

“हल्ली सपाटच असतात.”

“मग दाबावंसं कसं वाटणार?”

“रंगावरून कळतं.”

“माणसाचंही तसंच असतं का हो? रंगावरून कळतं?” त्याने मान न उचलता विचारलं. “कारण तुमचे कान आत्ता —”

“कामाचं बोला.”

“आणि एवढी रिकामी जागा? अर्धं पान मोकळंच.”

“डोळ्यांना विसावा लागतो.”

“भाड्याने देऊन टाकू. चष्मेवाला घेईल.”

अशी भांडणं. आणि भांडता भांडता एके दिवशी तिने स्वतःचं तत्त्व मोडलं. त्या सपाट चौकोनाखाली केसभर सावली घातली. इतकी पुसट की बोट आपोआप तिथे जावं. कुणाला सांगितलं नाही. पण त्याने पाहिलं. नुसता त्या सावलीवरून अंगठा फिरवत राहिला. तिच्या धंद्यात याला प्रेमच म्हणतात, फक्त ते तिला अजून माहीत नव्हतं.

‘आमच्याबद्दल’ या पानासाठी फोटो तिनेच काढला. तो खिडकीशी उभा, बोटांच्या चिमटीत एक बटण उजेडाकडे धरलेलं, एक डोळा मिटलेला. फोटो चांगला आला. अंमळ जास्तच चांगला आला.

त्याच दुपारी तो एका पुड्यावर पत्ता लिहीत होता.

“हे कुणाचं?” तिने सहज विचारलं. सहज म्हणजे अगदी सहज.

“बंदराच्या शहरात एक शिंपीण आहे. नाटकांचे कपडे शिवते. फार पारखी बाई. सारखी म्हणते, इकडेच दुकान टाक, माझ्या शेजारचा गाळा रिकामा आहे.”

“किती वय असेल?”

“गाळ्याचं?”

“जाऊ दे,” मोजपट्टी म्हणाली. पण पुड्याची दोरी तिला एकदम भलतीच नीटनेटकी बांधलेली वाटली.

*

वेबसाइट सुरू झाली. तिच्यावर कोण येतं, कुठून येतं, कुठल्या पानावर किती रेंगाळतं, हे मोजणारं यंत्र मोजपट्टीने मागे लावून ठेवलं होतं. त्याचा अहवाल दर आठवड्याला दुकानात जायचा. आता, वेबसाइट करणारी बाई स्वतःच दिवसभर ती उघडून बसलेली असते. तिची गणती गिऱ्हाइकांत झाली तर मालक उगाच हुरळून जातो. म्हणून पहिल्याच दिवशी तिने यंत्राला बजावलं होतं — आमच्या ऑफिसच्या इंटरनेटच्या पत्त्यावरून कुणी आलं तर मोजू नकोस.

पुढच्याच आठवड्यात ऑफिसचं इंटरनेट बदललं. जुनं पाऊस लागला की मान टाकायचं. नव्या कंपनीची माणसं आली, भिंतीला भोक पाडून तार ओवून गेली, आणि सगळं कसं भराभर चालू लागलं. मोजपट्टी खूश झाली. तेवढीच झाली, आणखी काही तिच्या डोक्यात आलं नाही.

त्यानंतरचा अहवाल तिने उघडला आणि खुर्ची पडद्याजवळ ओढली.

बंदराच्या शहरातून कुणीतरी येत होतं. रोज. किमती बघत नव्हतं, माल बघत नव्हतं. थेट ‘आमच्याबद्दल’. आणि तिथून हलत नव्हतं.

“ती शिंपीण,” मोजपट्टी म्हणाली.

“बाईच कशावरून?” टेबलकाका म्हणाले. “एखादा म्हातारा असेल, वाचायला वेळ लागत असेल.”

“पानावर चार ओळी आहेत, काका. वाचायला काय, त्या पाठ करायलासुद्धा इतका वेळ लागत नाही. आणि हे बघा.”

यंत्र आणखी एक गोष्ट दाखवायचं. पाहणाऱ्याच्या माऊसचा बाण पानावर जिथे जास्त घुटमळेल, तिथे लाल डाग पडायचा. बटणवाल्याच्या फोटोत उजव्या गालावर चांगला ठसठशीत लाल डाग होता.

काका चष्मा वर करून बघत राहिले. “कुणीतरी मुका घेतल्यासारखं दिसतंय.”

“निर्लज्ज,” मोजपट्टी म्हणाली. “दुसऱ्याच्या फोटोवर असं घुटमळायला काही वाटायला हवं माणसाला. घरदार नाही, कामधंदा नाही.”

मोजपट्टीही ते पान रोज उघडायची, पण तिची गोष्ट वेगळी. तिला फोटोची कड तपासायची असायची. कड फार नाजूक असते. दुपारी एकदा आणि संध्याकाळी एकदा बघावीच लागते.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता. शिंपीण दिसते कशी, हे तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तिने मनातच तिला घडवली — उंच मान, लांब बोटं, तोंडात टाचण्या धरूनही गोड हसणारी. आणि घडवून झाल्यावर तिचा भयंकर राग आला.

मग तिने फोटो लहान केला.

डिझाइनच्या दृष्टीनेच. मोठ्या फोटोंची पद्धत आता जुनी होत चाललीये, असं तिने स्वतःला समजावलं. पण पुढच्या अहवालात शिंपीण आणखी जास्त वेळ थांबलेली. “बघितलंत?” ती काकांना म्हणाली. “लहान केला तर पडद्याला नाक लावून बघतेय.” तिने फोटो गोल कापला. रंग काढून राखाडी केला. एक अख्खी दुपार खपून तो पानाच्या तळाशी नेला, जिथे कुणी जात नाही. अहवाल आला: त्या दुपारी बाईसाहेब पानावर ठाण मांडून बसल्या होत्या. उठल्याच नव्हत्या.

“काय चिवट बाई आहे,” मोजपट्टी म्हणाली, आणि तिला जवळजवळ रडू आलं.

बटणवाल्याच्याही ते लक्षात आलं. “मी दिवसेंदिवस आटत चाललोय,” तो म्हणाला. “आधी माणूस होतो, मग बशी झालो, आता मसुराचा दाणा. काल आत्या भिंग घेऊन बसली होती.”

“डिझाइन बदलत असतं.”

“आणि मी करडा का झालो?”

“उठून दिसता.”

“कुठून?”

तो खणातली बटणं उगाच इकडची तिकडे करत होता. बाहेर पाऊस खिडकीच्या काचेवरून तिरका ओघळत होता.

“मी शनिवारी बंदराच्या शहरात जातोय,” तो म्हणाला. “तो गाळा ठरवून येतो.”

तिच्या हातातलं डबीचं झाकण काही केल्या डबीवर बसेना.

“असं... एकदम?”

“तुमचाच अहवाल सांगतो ना. इथली माणसं येतात, भाव बघतात आणि जातात. तिथून कुणीतरी रोज येतं आणि नुसतं आमच्याबद्दल वाचतं. दुकानाने अशा माणसाजवळ जाऊ नये, तर कुणाजवळ जावं?”

“शिंपीणच असेल.”

“असेल.” त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. “ती कधी बोलली नाही तसं. पण काही माणसं बोलत नाहीत, नुसती बघतात.”

“हो,” मोजपट्टी म्हणाली. “असतात अशी.”

“इथलं आत्या बघेल. वेबसाइट तुम्ही पुरी केलीच आहे. तुमचंही इथे आता काही काम उरलं नाही...” तो थांबला. “उरलंय का?”

एवढा सरळ प्रश्न. खिडकीशी आत्याची सुईसुद्धा थांबली होती. पण मत्सराने माणूस आधी बहिरा होतो आणि मग मुका. मोजपट्टीच्या डोळ्यांपुढे ती उंच मान आणि ती लांब बोटं होती.

“नाही,” ती म्हणाली. “काही नाही उरलं.”

*

पण घरी जाऊन तिला चैन पडेना. जायचं तर त्याने जावं; पण कुणासाठी जातोय, ते निदान कळायला हवं. नव्या वेबसाइट्सच्या कोपऱ्यात एक गोल टपून बसलेला असतो. गिऱ्हाईक आलं की उसळी मारून विचारतो, काही मदत हवी का. त्यातून दुकान आणि गिऱ्हाईक समोरासमोर लिहून बोलू शकतात. मोजपट्टीला हा प्रकार अजिबात आवडायचा नाही. शुक्रवारी सकाळी तिने तो बसवला.

“ती आली की तुम्हाला तिथे दिवा लागलेला दिसेल,” तिने बटणवाल्याला फोनवर सांगितलं. “मग विचारा, काय हवंय. गाळा घेण्याआधी गिऱ्हाईक कोण ते तरी कळू दे.”

“विचारू?”

“विचाराच.”

दुपार झाली. मोजपट्टीने गोल नीट उसळतो की नाही ते बघायला ‘आमच्याबद्दल’ उघडलं, आणि दबा धरून बसली. आता येईल. आता यायची वेळच आहे तिची.

कोपऱ्यातला गोल उसळला.

*नमस्कार. तुम्ही रोज येता, थांबता, काही न बोलता जाता. आज विचारायचं ठरवलं. काय हवंय तुम्हाला?*

मोजपट्टीने कपाळावर हात मारला. “काका, बिघडलं हे. तिला पाठवलेला निरोप माझ्याकडे आला.”

टेबलकाका आले. वाकून बघितलं. मग सरळ झाले, चष्मा काढून पुसला आणि पुन्हा वाकून बघितलं.

“यंत्राला आपल्या ऑफिसचा पत्ता मोजू नको म्हणून सांगितलं होतंस ना?”

“पहिल्याच दिवशी.”

“कुठला पत्ता?”

“हाच... ऑफिसचा —” तिची नजर भिंतीतल्या नव्या भोकाकडे गेली आणि तिथेच अडकली. नवं इंटरनेट. नवा पत्ता. यंत्राला तो ओळखीचा असायचं कारणच नव्हतं. “पण ती बंदराच्या शहरातून येते ना, काका.”

“नव्या कंपनीची मुख्य तार तिथूनच येते. जगाला आपण सगळेच आता तिथले दिसतो. मला परवापासून होड्यांच्या जाहिराती येतायत.” काकांनी खुर्ची ओढली. “काखेत कळसा आणि —”

“पूर्ण करू नका.”

तिचे कान इतके तापले की खिडकीच्या काचेवरचा पाऊस आतून वाफ होऊन गेला. निर्लज्ज. चिवट. घरदार नाही, कामधंदा नाही. जी जी शिवी तिने त्या बाईला दिली होती ती ती आता रांगेने परत येत होती. आणि गालावरचा तो लाल डाग... तो आठवल्यावर तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

*आहात ना?* पडद्यावर उमटलं. *उद्या तुमच्या शहरात यायचं आहे. त्याआधी उत्तर मिळालं तर बरं.*

तिने लिहायला घेतलं. पुसलं. पुन्हा लिहिलं. त्या बाजूला त्याला नुसते तीन ठिपके नाचताना दिसत असणार... थांबताना... पुन्हा नाचताना. गप्प राहणं सोपं होतं. नवा पत्ता यंत्राला सांगितला की झालं. पाहुणी कायमची नाहीशी झाली असती आणि कुणाला कधी कळलंही नसतं. फक्त तो उद्या त्या पाहुणीला शोधत गेला असता, आणि तिथे खरोखरची एक शिंपीण होती, शेजारच्या रिकाम्या गाळ्यासकट.

“मी असतो तर हनुवटीची वाट बघितली नसती,” काका म्हणाले.

मोजपट्टीने कोटसुद्धा न घेता जिना गाठला.

दुकानात तो पडद्यावर वाकून बसला होता. आत्या शेजारी उभी.

“गेली,” तो वर न बघताच म्हणाला. “लिहीत होती, पुसत होती, मग दिवाच विझला. घाबरवलं मी तिला.”

“घाबरली नाही,” मोजपट्टी दारातून म्हणाली. “चालत आलीये.”

त्याने मान वर केली. ती नखशिखांत भिजली होती आणि धापा टाकत होती.

“म्हणजे कसंय,” ती म्हणाली, “पत्ता वगळला होता, पण तो जुना होता, आणि नव्या कंपनीची तार तिकडून येते, त्यामुळे यंत्राला वाटलं —”

“साधं सांगा.”

“ती शिंपीण नव्हती. मी होते.”

दुकानात एवढी बटणं, पण एकही हललं नाही.

“रोज?”

“रोज.”

“काय करत होतात रोज?”

“फोटोची कड तपासत होते.”

“आणि त्या दिवशी अख्खी दुपार?”

“तेव्हा फोटो लहान करत होते.”

“का?”

“तिला दिसू नये म्हणून.”

“कुणाला?”

मोजपट्टीने ओठ चावला. “...मला.”

आत्याने पदराआड तोंड लपवलं आणि तिचे खांदे हलू लागले. बटणवाला हसला नाही. तो काउंटरला वळसा घालून आला, आणि तिच्यापासून हातभर अंतरावर थांबला.

“मला वाटलं होतं तीच असेल,” तो म्हणाला. “चांगली बाई आहे ती. मला बरं वाटायला हवं होतं. रात्रंदिवस वाट बघितली, वाटलंच नाही. आत्ता विचारत होतो ते, दुसरंच कुणीतरी निघू दे म्हणून.” त्याने घसा खाकरला. “कुणीतरी... अगदी जवळपासचं.”

“अहवाल चुकला माझा. उद्याचा गाळा —”

“गाळ्याचं काय? जे माणूस नुसतं बघत बसतं त्याच्याजवळ दुकान असावं, एवढंच म्हणालो होतो मी. दुकान आहे तिथेच बरोबर आहे.” मग तो एकदम एकेरीवर आला, आणि ते दोघांनाही ऐकू आलं. “तू एकदा सांगायचं तरी होतंस, नका जाऊ म्हणून.”

“तुम्ही विचारलंत तेव्हा मी ऐकत नव्हते. मी तिची बोटं बघत होते.”

“कुणाची?”

“सांगेन कधीतरी. तुम्ही हसाल.”

“आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर?” तो म्हणाला. “काय हवंय, असं लिहिलं होतं मी.”

तिने त्याच्या शर्टाकडे पाहिलं. वरून तिसरं बटण सैल झालं होतं. ज्या मुलीला केसभर सरकलेली ओळ सहन होत नाही तिने हात पुढे केला, ते बटण दोन बोटांत धरलं... आणि सोडलं नाही.

“हेच,” ती म्हणाली.

आत्याने खिडकी लावून घेतली. पाऊस आत येत होता, असं तिचं म्हणणं.

*

त्याला आता बरेच पावसाळे झाले. दुकानाची वेबसाइट त्यानंतर कितीदा बदलली. सपाट गेलं, उठाव आला. पांढरं गेलं, काळं आलं. हल्ली तर काही हौशी पोरं मुद्दाम तारे आणि मशाली लावतात म्हणे, आणि टेबलकाका गल्लीतून ताठ मानेने चालतात. पण ‘आमच्याबद्दल’ या पानावर बटणवाल्याचा फोटो मात्र परत आला नाही. मोठा नाही, लहान नाही, करडासुद्धा नाही.

मध्यंतरी एका दुपारी कोपऱ्यातला गोल उसळला. पाहुणी बंदराच्या शहरातली होती. मोजपट्टीने आधी तार तपासली, मग पत्ता तपासला, मग काकांकडून पुन्हा तपासून घेतला. खरंच तिथली होती.

*दुकान फार आवडलं,* तिने लिहिलं होतं. *पण मालकांचा फोटो का नाही?*

तीन ठिपके बराच वेळ नाचत राहिले.

*दिसायला बरे नाहीत,* उत्तर गेलं. *काम चांगलं करतात. — मालकीण.*